एका बोटाचा रामराम

टिंडारीहून कुरान्डीच्या पाणवठ्याकडे जाणारा रस्ता इतका सरळ आहे, की समोरून येणारी गाडी आधी तासभर नुसता धुळीचा ठिपका म्हणून दिसते, आणि ती शेजारून जाईपर्यंत दोघा ड्रायव्हरांची अर्धी ओळख होऊन गेलेली असते. मग रामराम करायचा. त्यासाठी हात हलवायचा नसतो, हात हलवतात ती शहरातली माणसं. स्टिअरिंगवरचं एक बोट तेवढं वर करायचं. आणि रस्त्याच्या कडेला कुणी गाडी लावून बसलेला दिसला तर वेग कमी करायचा. त्याने बोट वर केलं, की त्याचं बरं चाललंय असं समजून पुढे जायचं.

लिंडसे ट्रेलोरने पन्नास वर्षं या रस्त्यावर पवनचक्क्या दुरुस्त केल्या होत्या. त्याचं बोट इतकं तयार झालं होतं, की दाढ काढायला त्याला गुंगी दिली तेव्हा दवाखान्याच्या खिडकीबाहेरून एक ट्रक गेला आणि बेशुद्ध लिंडसेचं बोट वर झालं. टिंडारीत हे शपथेवर सांगणारे चारजण आहेत, त्यातले तिघे त्या दिवशी गावात नव्हते.

दर जुलैत, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, थंडी पडली, की कुरान्डीला जमायचं, दोन रात्री तंबू ठोकायचा, पाण्यातले झिंगे पकडायचे आणि निखाऱ्यात पाव भाजायचा, असा त्यांचा रिवाज. पूर्वी सहाजण असायचे. दोघे गेले. मार्चमध्ये लिंडसेची बायको मर्लही गेली. उरले तो, रोली स्कली आणि रोलीची बहीण नोरीन. ती दोघं भाऊ-बहीण बंदरगावात एका घरात राहत आणि दक्षिणेकडच्या वाटेने येत.

मर्लला पोचवून आल्यावर रोली म्हणाला होता, "आमच्याकडे मागची खोली रिकामी आहे. सामान भर आणि ये."

"छे! माझं बरं चाललंय," लिंडसे म्हणाला होता.

मे महिन्यात रोलीने फोन करून पुन्हा विचारलं. लिंडसेने पुन्हा तेच सांगितलं, फोन ठेवला आणि त्यानंतर नऊ दिवस त्याच्या घरात रेडिओखेरीज माणसाचा आवाज झाला नाही.

म्हणून या खेपेला तो ठरवून निघाला होता. 'रोली, ती मागची खोली अजून रिकामी आहे का?' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ऐंशी किलोमीटर तो ते स्टिअरिंगला ऐकवत होता. स्टिअरिंगपुढे बरं जमत होतं.

एक्याऐंशीव्या किलोमीटरला मागचं चाक बसलं. तिथले दगड असे, की कोंबडीने दाणे टिपताना चुकून एखादा उचलला तर चोचीला धार लागावी. त्याने जास्तीचं चाक लावलं. पंधरा किलोमीटर गेल्यावर तेही बसलं. मोबाइलला तिथे रेंज नाही. गाडीतला बोलायचा रेडिओ गेल्या साली उंदरांनी बटणांसकट खाल्ला होता. आणि उशीर झाला म्हणून कुणी शोधायला यावं, तर तीही सोय नव्हती. वाटेत दिसेल ती कुरकुरणारी पवनचक्की दुरुस्त केल्याशिवाय लिंडसे पुढे जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका साली तो दीड दिवस उशिरा पोचला, तेव्हा 'लवकर आलास' म्हणून त्याची थट्टा झाली होती.

तो गाडीत बसून राहिला. माशा एवढ्या, की त्यांनी मनावर घेतलं असतं तर गाडी उचलून कुरान्डीला नेऊन ठेवली असती. पण माशांना एकी माहीत नाही.

अकराच्या सुमाराला मागे फिरतं घर जोडलेली एक गाडी आली. आत तरुण नवरा-बायको. गाडी थांबली, काच खाली आली.

"काका, ठीक ना सगळं?"

"एकदम ठीक," लिंडसे म्हणाला. "जरा पाय मोकळे करतोय."

"बसून?" मुलीने विचारलं.

"पाय माझे आळशी आहेत."

दोघं हसली, त्याला एक संत्रं दिलं आणि गेली. त्यांची धूळ बसेपर्यंत लिंडसे बघत राहिला. मग संत्र्याला म्हणाला, "गाढव आहेस तू."

पन्नास वर्षं दुसऱ्यांचे पंप बिघडले, की लोक त्याला बोलवायचे. 'काय झालंय?' हा प्रश्न त्याचा होता. तो दुसऱ्या कुणी विचारला, की त्याच्या तोंडून उत्तर आपोआप पडे आणि मागाहून मनाला पत्ता लागे.

एक वाजता मेंढ्यांचा ट्रक आला, तीन डबे जोडलेला. ड्रायव्हरने वेग कमी केला. लिंडसेने मनाशी ठरवलं, या वेळी दोन्ही हात हलवायचे. हात उचलायच्या आधीच बोट वर झालं. ड्रायव्हरचं बोट वर झालं. तीनशे मेंढ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ट्रक निघून गेला.

तीनच्या पुढे जवळच्या मेंढवाड्याची मालकीण आली, विनी हार्डेकर. पंचावन्नची बाई, मागे तीन कुत्री. ती खाली उतरली आणि गाडीभोवती एक फेरी मारून आली.

"चाक बसलंय तुझं, लिंडसे."

"हो, दमलं असेल."

"दुसरं कुठाय?"

"तेही दमलंय."

"मग चल, बस गाडीत."

आता मात्र 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. लिंडसे म्हणाला, "नको गं, मित्र येताहेत मागून."

विनीने मागचा रस्ता पाहिला. वीस किलोमीटरपर्यंत तिथे एक चिमणीही नव्हती. "बरेच मागे आहेत वाटतं," ती म्हणाली. पाण्याचा डबा त्याच्या मांडीवर ठेवला आणि गेली.

आता लिंडसेला खरी भीती वाटली. ती चाकाची नव्हती. पाणी होतं, पांघरूण होतं, उद्या कुणीतरी आलं असतंच. पण तो उद्याच्या माणसालाही 'ठीक आहे' म्हणणार, कुरान्डीला पोचल्यावर रोलीलाही म्हणणार आणि तसाच घरी परत जाणार, हे त्याला स्वच्छ दिसलं. त्या घरात तो सकाळी रेडिओवर हवामान सांगणाऱ्या बाईशी भांडायचा. गेल्या आठवड्यात ती रजेवर होती, तर त्याला जेवण गेलं नव्हतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा कुरान्डीच्या बाजूने रोलीची जुनी गाडी आली. विनीने पाणवठ्यावर थांबून निरोप दिला होता. रोली काठी टेकत उतरला. नोरीन आतूनच ओरडली, "मागून येणारे मित्र ते आम्हीच का रे? पुढून आलो, चालेल ना?"

"चालेल," लिंडसे म्हणाला.

रोलीने दोन्ही चाकं पाहिली. "माझं चाक तुझ्या गाडीला बसत नाही. उद्या बघू. चल. झिंगे थांबलेत."

तिघं पुढच्या एकाच बाकावर दाटीवाटीने बसली, लिंडसे मध्ये. नोरीनची कोपरं त्याच्या बरगड्यांत. चार महिन्यांत इतक्या जवळ कुणी बसलं नव्हतं.

"घरी कसं चाललंय?" रोलीने विचारलं.

"बरं चाललंय."

झालं. पुन्हा निसटलं. गाडी दोन किलोमीटर गेली.

"रोली, गाडी थांबव."

"उलटी येतेय की काय?" नोरीनने घाईघाईने दार उघडलं.

"नाही. बरं चाललेलं नाही माझं," लिंडसे समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "ती मागची खोली अजून रिकामी आहे का?"

रोलीने दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले. नोरीनने दार हळूच लावून घेतलं.

"जूनमध्ये दिली रे," ती म्हणाली. "शाळेतल्या नव्या बाईंना. वर्षाच्या बोलीवर. तू दोनदा नको म्हणालास, लिंडसे."

"म्हणालो खरा."

"बोलायचं नाही का आधी, मूर्खा!" रोली एकदम चिडला. "मी काय ज्योतिषी आहे? विचारलं, की बरं चाललंय, बरं चाललंय!"

"ओरडू नकोस त्याच्यावर."

"ओरडत नाहीये मी!" रोली ओरडला. मग गाडी सुरू केली. समोरून एक गाडी आली आणि गेली, पण या गाडीतून कुणाचं बोट उठलं नाही.

"गुरुवारी मला काही काम नसतं," अखेर रोली म्हणाला. "मी येईन."

"चारशे किलोमीटर आहे."

"आकडा मलाही माहीत आहे. रात्री तुझ्याकडे राहीन, शुक्रवारी परत. जमेल त्या गुरुवारी. दर गुरुवारी नाही हं, माझा गुडघा बघ."

लिंडसेच्या ओठांवर 'कशाला उगीच' तयार होऊन बसलं होतं. त्याने ते दातांखाली धरलं. त्याला खोली हवी होती, सकाळी भिंतीपलीकडे कुणाचं तरी खोकणं हवं होतं. ते आता पुढच्या जूनपर्यंत नव्हतं.

"या गुरुवारी येशील?" त्याने विचारलं.

"येईन."

"किती वाजता?"

"जेवायला धर. बारा-एक."

आज शनिवार. सोमवारी चाकं घेऊन तो घरी पोचणार होता. सोमवारची रात्र, मंगळवार, बुधवार. पुढे नोरीनने झिंग्यांचं काय करायचं ते सांगायला सुरुवात केली, आणि लिंडसे मध्ये बसून, ऐकत असल्यासारखा, बुधवारपर्यंत पुन्हा एकदा मोजत राहिला.