वादी अदाईला नेलेला हलवा

सुफियानला आपल्या टीममध्ये आणायचाच, हे मी जूनमध्येच ठरवलं होतं. चोवीस वर्षांचा पोरगा, मस्कतच्याच मत्रह भागातल्या टीमकडून खेळायचा. टेनिस बॉल असा टाकायचा की बॅट खाली यायच्या आत बॉल कीपरच्या हातात. गेल्या सीझनला त्याने मला शून्यावर उडवला होता. मी धनंजय, सह्याद्री इलेव्हनचा सेक्रेटरी. माझी दांडी उडवणारा माणूस समोरच्या टीममध्ये राहता कामा नये, एवढं माझं साधं धोरण आहे.

मस्कतमध्ये उन्हाळाभर क्रिकेट बंद. पंचेचाळीस डिग्रीत कोण मरायला जातंय? मग आम्ही रुवीच्या एका कॅफेटेरियात बसून करक, म्हणजे इथला दाट कडक चहा पितो आणि खेळाडूंची अदलाबदल करतो. सगळे नोकरदार, दुकानदार, ड्रायव्हर. पण बोलणं ऐकाल तर वाटेल आयपीएल आमच्याच खिशात आहे. "तुमचा लेफ्टी द्या, आमचा कीपर घ्या." "हट्, कीपरवर अजून एक ऑलराउंडर पाहिजे." यावरून अबोले होतात, लोक ग्रुप सोडून जातात, बायका कपाळाला हात लावतात. नियम एकच आहे. यादी सोळा जणांची, एक घेतला की एक द्यायचा.

मत्रहच्या टीमचे मालक बाबामियाँ. तिथल्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, त्यांचं कापडाचं जुनं दुकान आहे. मी सुफियानचं नाव काढल्यावर ते कपात बघत म्हणाले, "पोरगा स्वतःच तुमच्याकडे यायला बघतोय. अडवून काय करू? घेऊन जा. बदल्यात एक बॉलर द्या, कागदापुरता."

"जहूरभाईंना घ्या," मी म्हणालो.

बाबामियाँनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाले, "ठीक. यादीत नाव टाकतो. गरज लागली तर बोलावीन."

जहूरभाई म्हणजे आमच्या टीमचे पहिले कॅप्टन. दाभोळकडचे, वय अठ्ठेचाळीस, गाला नावाच्या औद्योगिक भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत स्टोअरकीपर. चौदा वर्षांपूर्वी मी ठाण्याहून नवीन आलो तेव्हा मला एकही टीम घेत नव्हती. खरं सांगायचं तर मला खेळताच येत नव्हतं, फक्त बोलता येत होतं. जहूरभाईंनी मला वादी अदाईच्या मैदानावर बोलावलं, चार शुक्रवार, इथल्या सुट्टीच्या दिवशी, माझ्यापुढे बॉल टाकले आणि म्हणाले, "बॅट धरतोस बरी. घाबरतोस जास्त. ये पुढच्या वेळी." तेव्हापासून मी सह्याद्रीत आहे.

मग त्यांनाच का दिलं? माझ्याकडे कारणं तयार होती. गेल्या सीझनला ते दर मॅचला उशिरा आले. टॉस सकाळी पावणेसातला, मॅच सातला, आणि हे सव्वासातला घामाने निथळत उगवणार. पहिल्या ओव्हर्स आम्ही दहा जणच खेळायचो. बॉलिंगला आणलं तर बॉल अर्ध्यातच पडायचा. एकदा मी सगळ्यांसमोर तडकलो, "जहूरभाई, झेपत नसेल तर सांगा ना. टीमची वाट कशाला लावता?" ते फक्त "सॉरी" म्हणाले आणि पाण्याची बाटली तोंडाला लावून बाउंड्रीवर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, वय झालं यांचं.

आता मैदानाचं सांगायला पाहिजे, कारण खरा घोळ मीच तिथे घातला.

आम्ही आधी वादी अदाईच्या कोरड्या ओढ्यात खेळायचो. दगडगोटे, बकऱ्या, पाऊस आला की पिच वाहून जायचं. जहूरभाईंचं घर तिथून पाच मिनिटांवर. मागच्या वर्षी गालाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एक नवीन मैदान मिळत होतं. मॅटिंग विकेट, दिवे, स्वच्छतागृह, पन्नास गाड्यांचं पार्किंग. ते माझ्या घुब्र्याच्या घरापासून आठ मिनिटांवर होतं, पण हे मी मीटिंगमध्ये बोललो नाही. मी 'सुविधा' या विषयावर अर्धा तास बोललो.

जहूरभाईंनी शेवटी एकच प्रश्न विचारला. "ज्याच्याकडे गाडी नाही, त्याने कसं यायचं?"

अख्ख्या टीममध्ये गाडी नसलेले ते एकटे. मी हसत म्हणालो, "अहो, तुम्ही तर रोज गालालाच कामाला येता! तुमच्याइतका रस्ता कुणाला माहितीय?" सगळे हसले. ते म्हणाले, ती कंपनीची व्हॅन आहे, शुक्रवारी नसते. मी म्हणालो, "मग बस आहे की. हायवेवरून सारख्या जातात." मी ओमानमध्ये चौदा वर्षांत एकदाही बसमध्ये पाय ठेवलेला नाही. तरी छातीठोकपणे सांगितलं. आणि वर म्हणालो, "नाहीतर आहोत ना आम्ही, कुणीतरी आणेलच तुम्हाला." त्या 'कुणीतरी'वर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ठराव पास झाला. सीझनभर प्रत्येकाला वाटत राहिलं की दुसरा कुणीतरी त्यांना आणतोय.

आमच्या टीममध्ये एक रिवाज आहे. कुणाला सोडायचं असेल तर फोन करायचा नाही, मेसेज तर नाहीच. सेक्रेटरीने ओमानी हलव्याचा डबा घेऊन त्याच्या घरी जायचं, समोर बसायचं, स्वतःच्या तोंडाने सांगायचं. हा रिवाज जहूरभाईंनीच पाडला. पहिल्या वर्षी एका सुताराला त्यांनी सोडलं होतं तेव्हा मी सोबत गेलो होतो. दोन तास बसले होते त्याच्याजवळ. निघताना तो माणूस हसत होता. टीममध्ये सगळ्यांना माहीत आहे, सप्टेंबरात दारात हलवा आला की समजायचं, खलास.

तर सप्टेंबरात एका संध्याकाळी मी हलवा घेऊन वादी अदाईला गेलो. केशराचा, बदाम घातलेला, दुकानातला सगळ्यात चांगला डबा. तेवढंच मनाला बरं वाटलं.

दार जहूरभाईंच्या बायकोने, जमिलाभाभींनी उघडलं. डबा बघून त्यांचा चेहरा फुलला. "अगोबाई, हलवा! काय खुशखबर आणलीत, भाऊ?"

चौदा वर्षांत मी त्यांच्या घरी तिसऱ्यांदा येत होतो, त्यात हातात हलवा. त्यांना दुसरं काय वाटणार? इथे पोर पास झालं तरी हलवा, नोकरीत बढती मिळाली तरी हलवा. आमचा रिवाज घरातल्यांना कुठून माहीत असणार? जहूरभाईंनी आजवर हलवा नेला होता, त्यांच्या दारात कुणी आणला नव्हता.

जहूरभाई आतून टॉवेलने हात पुसत आले. त्यांनी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. एक क्षणभरच. मला तेव्हाच कळलं की त्यांना कळलंय.

"अब्बा, तुम्ही परत कॅप्टन झालात?" त्यांची मुलगी नूरैन नाचतच बाहेर आली. नववीत आहे. इथेच वाढलेली, मराठी अडखळत बोलते. "टेल मी ना अंकल!"

मी तोंड उघडलं. चार वाक्यं पाठ करून आलो होतो, गाडीत दोनदा म्हणूनही बघितली होती. आणि मी फक्त डबा भाभींच्या हातात दिला.

"कॅप्टन नाही गं," जहूरभाई म्हणाले. "टीमला पंधरावं वर्ष लागलं ना, म्हणून जुन्या माणसाचं तोंड गोड करायला आलाय. हो ना रे, धनंजय?"

"हो," मी म्हणालो.

मेलो असतो तर बरं झालं असतं. पण मी मेलो नाही, सोफ्यावर बसलो. भाभींनी कहवा आणला. मला माझ्याच हलव्याची वाटी भरून दिली, आणि मी ती खाल्ली.

"अंकल, तुम्ही अब्बांचं टाइमटेबल बघितलं?" नूरैनने मला हाताला धरून फ्रिजपाशी नेलं. "मी बनवलं. लास्ट इयर."

रंगीत पेनांनी आखलेला कागद होता. वर बॉलचं चित्र. पावणेपाच, घरातून चालत. पाच पस्तीस, रुवी. पाच पन्नास, पहिली बस. सहा पंचवीस, हायवेचा स्टॉप. त्यापुढे एक लांब हिरवी रेघ आणि बाजूला लिहिलेलं, 'चालणे, पन्नास मिनिटं'. शेवटी सव्वासात, मैदान.

मी तो कागद तीनदा वाचला. पहिल्या बसने निघूनही सव्वासात. म्हणजे हा माणूस वेळेवर पोचूच शकत नव्हता. पावणेपाचला घर सोडून, दोन टप्पे मिळून दीड तासाच्या वर चालून, किट खांद्यावर घेऊन तो यायचा, आणि मी त्याला सगळ्यांदेखत विचारायचो, झेपतं का. आणि बॉल अर्ध्यात पडायचा म्हणून मी त्याचं वय काढलं.

"अब्बा कधीच मिस करत नाहीत," नूरैन म्हणाली. "या वर्षी फर्स्ट मॅचला तुम्ही ओपनिंग बॉलिंग देणार ना त्यांना?"

मी जहूरभाईंकडे बघितलं. ते कहव्याचा कप निरखत होते. "देईल की," ते म्हणाले.

खाली गाडीपर्यंत ते सोडायला आले. मी म्हणालो, "जहूरभाई, मला माहीत नव्हतं, खरंच..." ते म्हणाले, "कुणाच्या बदल्यात?" मी म्हणालो, "सुफियान." ते म्हणाले, "चांगला आहे पोरगा. फक्त त्याला नवीन बॉल लगेच देऊ नको, घाई करतो." आणि गाडीचं दार त्यांनीच लावलं.

घरी येऊन मी विद्याला सगळं सांगितलं. माझी बायको माझ्यापेक्षा तापट. ती म्हणाली, "उद्याच्या उद्या जा आणि त्या पोरीसमोर खरं सांग. तुझी चूक आहे, त्या माणसाने का झाकायची?" मी म्हणालो, जातो. उद्या गेलो नाही, परवा गेलो नाही. बाबामियाँना एकदा फोन लावला, अदलाबदल फिरवता येईल का विचारायला. ते म्हणाले, "नावं लीगकडे गेली, धनंजयशेट. आता सीझन संपल्यावर." मला तेवढं निमित्त पुरलं. तीन आठवडे मी काहीही केलं नाही. लाज वाटते म्हणून गेलो नाही, आणि गेलो नाही याची आणखी लाज.

पहिल्या मॅचच्या शुक्रवारी विद्याने मला पहाटे चार वाजता ढकलून उठवलं. "आज तरी जा," एवढंच म्हणाली. मी वादी अदाईला पोचलो तेव्हा पावणेपाच होत होते. जहूरभाई जिना उतरून आले. अंगात सह्याद्रीचा टी-शर्ट, खांद्यावर किट. वर बाल्कनीत नूरैन हात हलवत होती. मला बघून ओरडली, "अंकल आले! अब्बा, टुडे नो बस!"

जहूरभाई झटकन गाडीत बसले. "यल्ला, चल. ती बघतेय."

मी गाडी काढली. कोपरा वळल्यावर म्हणाले, "इथे थांबव."

"कुठे जाताय?"

"मशिदीत. मग चहा घेईन. मग जुन्या मैदानावर बसेन. मॅच संपायची वेळ झाली की घरी."

"पण का, जहूरभाई? मी येतो ना वर, मी सांगतो त्यांना. सगळं सांगतो."

"काय सांगशील? तिच्या बापाला कागदापुरता दिला म्हणून? बाबामियाँ बोलले मला." आवाज चढला नव्हता. "तुझ्या भाभीने गल्लीभर हलवा वाटलाय, धनंजय. थोडे दिवस जाऊ दे. गुडघा दुखतोय म्हणून मी हळूहळू सोडून देईन." किट घेऊन ते उतरले, मग खिडकीत वाकले. "चौदा वर्षांत पहिल्यांदा मला घ्यायला आलास. बरं वाटलं नूरैनला."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी काहीतरी उलट बोललो असतो, मला येतं ते.

"मॅच झाली की स्कोअर पाठव," ते म्हणाले. "घरी विचारतात."

मी मैदानावर आठ जणांच्या आधी पोचलो. आम्ही जिंकलो, अकरा रनांनी. सुफियानने चार विकेट घेतल्या. नवीन बॉल मी त्याला लगेच दिला नव्हता. सगळे माझ्या पाठीवर थापा मारत होते, काय ट्रेड केलास म्हणत होते. मी गाडीत जाऊन बसलो आणि जहूरभाईंना स्कोअर पाठवला, सुफियानच्या चार विकेटसकट.

लगेच उत्तर आलं. ते मोबाइल हातात धरूनच बसले असणार.

"मुबारक. त्यातल्या दोन घरी माझ्या म्हणून सांगतो. चालेल ना?"

मी लिहिलं, "चालेल."