डाव्या कोपऱ्याचं हसू

"साहेब, खोटं हसलेलं तुमच्या मशीनला कळतं का?"

भिंगरीने हे विचारलं आणि आईच्या ऑफिसातली सगळी कुजबूज थांबली. मैत्रिणींनी पैजच लावली होती. आईच्या साहेबांना सगळ्यांसमोर हे विचारायचं, नाहीतर वर्षभर मैत्रिणींची दप्तरं वाहायची. मागच्या वर्षीची भिंगरी टेबलाखाली शिरली असती. तेव्हा एका तापात तिचा अर्धा चेहरा रुसून बसला. उजवा गाल हलेचना, आणि ती वर्गात पुस्तकाआड तोंड लपवून बसायची. या वर्षी तिने वक्तृत्वात पहिला नंबर मारला, आणि तेव्हापासून तोंडाची टकळी बंद होईल तर शपथ. सुट्टीत गालाचं ऑपरेशन करायचं का, एवढंच ठरायचं होतं. डॉक्टरांनी ते तिच्यावरच सोडलं होतं. बाबांनी मात्र मनातल्या मनात तारीखसुद्धा काढून ठेवली होती.

"बस इथे, कॅमेऱ्यासमोर," साहेब म्हणाले. "आधी खरं हसून दाखव. मग खोटं."

ऑफिसात काम एकच. माणसांच्या चेहऱ्यांचे व्हिडिओ थांबवत थांबवत बघायचे आणि कुठला स्नायू हलला त्याचं लेबल लावायचं. असे ढीगभर चेहरे दाखवून मशीनला शिकवायचं. आईचा त्यात हातखंडा. भुवई तिळभर हलली तरी तिच्या नजरेतून सुटत नसे. घरी, डबा मैत्रिणींना वाटून 'मीच खाल्ला' म्हणायची सोयच नव्हती.

"तुझी आई हसली की आम्ही लगेच व्हिडिओ काढून घेतो," शेजारच्या टेबलावरच्या मावशी म्हणाल्या. "पुढची संधी कधी येईल, काय सांगावं."

भिंगरीला खरंच हसू फुटलं. ओठाचा डावा कोपरा वर गेला, उजवा जागेवरच राहिला. स्क्रीनवर शब्द उमटला: तुच्छता.

"पुन्हा," साहेब म्हणाले.

ती पुन्हा हसली. तुच्छता.

तिसऱ्यांदा ती नुसतीच बसून राहिली. स्क्रीनवर आलं: भाव नाही.

"हे बघ, हे बरोब्बर आलं," मावशी घाईघाईने म्हणाल्या. मग त्यांनाच कसंसं झालं आणि त्या पाणी प्यायला उठल्या.

"शिकवलं तसंच बोलतं ते," साहेब म्हणाले आणि स्क्रीन बंद केली.

भिंगरीला राग आला नाही, रडूही आलं नाही. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा दुसऱ्याचा वाटतो, तसं तिला आतून झालं होतं. कोणी चिमटा काढला असता तरी कळलं नसतं.

बस स्टॉपवरच्या बाकावर ती आणि आई शेजारी बसल्या.

"एकच कोपरा वर गेला की तुच्छता, हे कुणी ठरवलं?"

"नियम आहे तसा."

"आणि ते लेबल कोण लावतं?"

आईने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "मीच."

"माझ्या तापानंतरही?"

"हो."

"माझ्यासारखं हसणारं कोणीच आलं नाही?"

"आले होते एका व्हिडिओत एक आजोबा," आई रस्त्याकडे बघत म्हणाली. "आवाज बंद ठेवूनच बघायचं असतं आम्हाला. तरी मला कळलं, हे हसताहेत. डोळ्यांतच दिसत होतं."

"मग?"

"मग नियमाप्रमाणे लावलं. वेगळं लावलं तर बाकीच्यांशी जुळत नाही. काम परत येतं."

भिंगरीने मान हलवली. बस आली. खिडकीच्या काचेत तिचा चेहरा दिसत होता. ती त्याच्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तशी बघत राहिली.

घरी बाबा शिलाई मशीनवर बाही जोडत होते. दोन बाह्या उन्नीस-बीस झाल्या तरी त्यांना जेवण जात नसे. आईने सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी टेप गळ्यात अडकवला.

"त्यासाठीच म्हणतोय ना, भिंगरे. पायातली नस घेऊन गालात बसवतात. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की मशीनही गप्प, माणसंही गप्प. तुला काय वाटतं?"

"काहीच नाही वाटत, बाबा. ऑफिसातून निघाल्यापासून काहीच नाही."

आई तिच्या चेहऱ्याकडे बघू लागली, तशीच, कामावर बघते तशी. मग तिने नजर खाली घातली.

"ऐका दोघंही," भिंगरी म्हणाली. आवाज वक्तृत्वाचा नव्हता, साधा होता. "ऑपरेशन या सुट्टीत नको. पुढे कधी मला हवंसं वाटलं तर मीच सांगेन. मशीनला हसू कळत नाही म्हणून मी माझा पाय कापून घेणार नाही. आई, सुट्टीभर मी तुझ्याबरोबर ऑफिसला येणार आणि कॅमेऱ्यासमोर बसणार. हसले की हसले असं मी सांगणार, आणि तेच लेबल तू लावायचंस. काम परत आलं तर पुन्हा तेच लावायचं. साहेबांना मी विचारते. आणि आजच्या चेहऱ्याला कुठलं लेबल लावायचं, ते अजून मला माहीत नाही. तोवर ती जागा रिकामी ठेव."