डाव्या बाजूची पेटी

तलासरीहून गुजरातकडे जाणाऱ्या हायवेला लागून सुषमाची पत्र्याची शेड होती. आयटीआयमधून वेल्डिंग शिकलेली ती त्या वर्गातली एकुलती एक मुलगी. आधी तिनं ग्रिल आणि दरवाजे केले, मग वापीच्या एका कारखान्यात तीन वर्षं अॅल्युमिनियमचं आर्गन वेल्डिंग केलं, आणि परत आल्यावर लांबच्या प्रवासाच्या मोटरसायकलींना लावायच्या पेट्या बनवायला लागली. गाडीवाले त्यांना पॅनियर म्हणत. सुषमा पेटीच म्हणायची. २०१९ सालापर्यंत बोईसरपासून वलसाडपर्यंतचे रायडर तिच्याकडे येऊ लागले होते, कारण तिची पेटी खड्ड्यात उडाली तरी गाडीला धरून राहायची.

ती इतकी घट्ट पेटी का बनवते, हे कुणी विचारत नसे. विचारलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं.

त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दोन गाड्या शेडसमोर थांबल्या. पहिल्या गाडीवरून उतरलेल्या माणसानं हेल्मेट काढलं आणि सुषमाच्या हातातला ग्राइंडर थांबला. हा चेहरा तिनं समोरासमोर कधी पाहिला नव्हता, पण भावाच्या मोबाइलवरच्या फोटोत शंभर वेळा पाहिला होता. नरपडच्या चिकूवाडीवाल्यांचा दिपक.

"ताई, सुषमा फॅब्रिकेशन हेच ना? तुमचं फार नाव ऐकलंय," तो म्हणाला. "जूनमध्ये लडाखला चाललोय. अकरा गाड्या. ग्रुप मी नेतोय. मला पॅनियर घ्यायचेत, पण कुठले घ्यावेत तेच ठरत नाही."

त्याच्याबरोबरची बाई डहाणूच्या एका शाळेत गणित शिकवणारी होती, नाव योगिता. ती शेडमध्ये टांगलेल्या पेट्या वाजवून बघत होती.

सुषमानं हात पुसले. "बसा दिपकभाई," ती म्हणाली.

आपलं नाव हिला कसं ठाऊक, असं त्याला वाटलं नाही. आपलं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, असं समजणाऱ्यांपैकी तो होता.

सुषमाचा धाकटा भाऊ मिथुन २०१६ साली दिपकच्या ग्रुपमध्ये होता, जेमतेम चार महिने. कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर होता, साठवून एक जुनी गाडी घेतली होती, आणि वाडीवाल्यांच्या, डॉक्टरांच्या पोरांबरोबर आपल्यालाही फिरायला नेतात याचं त्याला फार अप्रूप होतं. त्या डिसेंबरात जव्हारच्या घाटात तो दिपकच्या मागं होता. बाकीचे पुढं निघून गेले होते. एका वळणावर दिपकच्या गाडीची डावी पेटी सुटली आणि घसरत सरळ मिथुनच्या चाकाखाली आली. मिथुनचा उजवा गुडघा दगडावर फुटला. तो पडल्या जागेवरून बघत होता. दिपक मागं वळून आला, त्यानं पहिल्यांदा पेटी उचलली, दोरीनं मागच्या सीटवर बांधली, मगच फोन लावला.

पोलिसांना दिपकनं जबाब दिला, की पोरगा ताडी पिऊन चालवत होता, तोल गेला. दिपकला कोण खोटं म्हणणार? आणि डोंगराकडच्या पाड्यावरचा पोरगा ताडी प्यायला नव्हता, हे कोण खरं मानणार? मिथुननं पेटीचं सांगितलं, पण पेटी कुठं होती? गुडघा पुन्हा वाकला नाही. त्याचं लग्न कासाकडच्या जिवलीशी ठरलं होतं. तिच्या बापानं निरोप धाडला, की गाडीवर पिणारा माणूस उद्या माझ्या पोरीला रांडव करील. गुडघ्याचं मिथुननं सोसलं. हे त्याच्याच्यानं सोसवलं नाही. तेव्हापासून तो बहिणीच्या शेडमध्ये स्टुलावर बसून पेट्यांना रिबिट मारायचा, आणि गिऱ्हाईक आलं की मागच्या बाजूला जायचा. आज तो पत्रा आणायला वापीला गेला होता.

"पेटी म्हणजे दिसायला डबा," सुषमा सांगू लागली. "पण निवडायची ती रस्ता बघून. प्लॅस्टिकची हलकी असते, पडली तर सावरते, पण बिजागरीतून तडकली की गेली. अॅल्युमिनियमची चेपते, पण ती हातोडीनं परत सरळ होते. वरून उघडणारी घ्या, बाजूनं उघडली की सामान रस्त्यावर. सायलेन्सरच्या बाजूची पेटी अरुंद, नाहीतर गाडी हँडलपेक्षा रुंद होते आणि ट्रकच्या मधून काढताना अडकते. हे सगळं नंतर. आधी खालचा सांगाडा. पेटी कधी पेटीमुळे सुटत नाही, ती सांगाड्यामुळे सुटते."

"अगदी बरोबर," दिपक म्हणाला.

"आधी कुठली होती?"

"होती एक स्वस्तातली. काढून टाकली."

"का?"

"असंच."

सुषमानं फळीवरून एक छापील कागद ओढला. प्रत्येक गिऱ्हाइकाकडून ती तो भरून घ्यायची. गाडी कुठली, वजन किती, आधीची पेटी कशानं गेली. "असंच म्हणून चालत नाही, दिपकभाई. आधीची कुठून तुटली ते कळलं नाही तर मी तुमच्या गाडीला जोर कुठं द्यायचा? डॉक्टरला दुखणं सांगायला नको?"

योगिता हसली. "सांगा की सर. लडाखला तुमच्या मागं मीच आहे."

दिपकही हसला. आणि बाईमाणसांसमोर किस्सा सांगायची संधी त्याला सोडवली नाही. "अहो, सांगाड्याचा खालचा बोल्ट तुटला होता. आदल्या दिवशीच कळलं होतं मला. पण सकाळी निघायचं, दुकान बंद. म्हटलं तारेनं बांधू, शंभर किलोमीटरचा तर प्रश्न. जव्हारच्या घाटात गेली सुटून."

"मागं कुणी नव्हतं ना?" सुषमानं विचारलं.

"होता एक. पडला. पण तो तसाही नीट चालवत नव्हता."

सुषमानं कागद आणि पेन त्याच्यापुढं सरकवलं. "लिहा एवढं. माझं अक्षर मलाच लागत नाही."

आणि त्यानं लिहिलं. डावी पेटी, खालचा बोल्ट तुटलेला, तारेनं बांधली, जव्हार घाट, डिसेंबर २०१६. खाली नेहमीच्या झोकात सही केली. मग तासभर बसून त्यानं पेटी निवडली. दोन मिलिमीटरचा पत्रा, डावी चाळीस लिटर, उजवी तीस, वरून उघडणारी, काळा रंग नको, चांदीसारखीच असू दे. लॉक हाताळून पाहिलं, झाकणाचं रबर दाबून पाहिलं. सुषमानं त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा समजावली. इतकं मन लावून तिनं कुठल्याच गिऱ्हाइकाला समजावलं नव्हतं.

संध्याकाळी मिथुन आल्यावर तिनं त्याला कागद दाखवला. त्यानं वाचला, परत दिला.

"फेकून दे," तो म्हणाला.

"का?"

"माझा पाय काय परत वाकणार आहे?"

सुषमा त्याच्याशी वाद घालत बसली नाही. तिला कागदाची गरजच वाटत नव्हती. तिच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं, आणि ते सोपं होतं. सांगाड्याच्या खालच्या बोल्टला ती आत नायलॉन असलेली नट लावायची, जी हादऱ्यानं सैल होत नाही. तिथं साधी नट लावली तर बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मनालीच्या पुढचे रस्ते बाकीचं काम करतील. दगडानं फोडलेलं दगडानंच फोडायचं.

आठ दिवस ती हा विचार घेऊन काम करत होती. पत्रा कापला, वाकवला, कोपरे आर्गननं जोडले. जोडावर माशाच्या खवल्यासारखी ओळ उठली, इतकी सुरेख, की तिला स्वतःचाच राग आला. सांगाडा झाला. मग साधी नट हातात घेऊन ती बसली आणि तिनं दिपकला पडताना डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. पण तो पडेचना. पेटी सुटायची, घसरत मागं जायची, आणि पुढं दिपक तसाच निघून जायचा. पडायची ती योगिता.

सुषमानं नट डब्यात टाकली. पेटी सुटते तेव्हा ज्याची असते त्याला काहीच होत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिला त्याच्या मागं चालणारी बाई नको होती. तिला तो हवा होता, एकटा तोच.

दुसऱ्या दिवशी तिनं योगिताला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"ताडीचं आम्हाला सरांनीच सांगितलं होतं," योगिता म्हणाली. "दर ट्रिपच्या आधी सांगतात. प्यायलात तर त्या मिथुनसारखं होईल म्हणून."

"दर ट्रिपच्या आधी?"

"हो."

आता सुषमाच्या मनात उरलीसुरली दया होती तीही गेली. "पेट्या रविवारी बसवते," ती म्हणाली. "सगळ्यांना घेऊन या."

रविवारी सकाळी अकरा गाड्या शेडसमोर ओळीनं लागल्या. सुषमानं सगळ्यांदेखत पेट्या चढवल्या, एकेक बोल्ट पान्यानं आवळला, डावी पेटी दोन्ही हातांनी धरून गाडी गदागदा हलवली. पेटी हलली नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दिपक खूश होऊन फोटो काढत होता.

"आता जुन्या पेटीचं सांगते," सुषमा म्हणाली, "म्हणजे सगळ्यांनाच उपयोग होईल." आणि तिनं कागद वाचला. हळू, शाळेत धडा वाचतात तसा, तारखेसकट. मग तिनं मागं वळून हाक मारली, "मिथुन, बाहेर ये."

मिथुन यायला तयार नव्हता. पण बहिणीचा तो आवाज त्याला लहानपणापासून माहीत होता. एक पाय ओढत तो बाहेर आला आणि ओळीनं लावलेल्या गाड्यांसमोर उभा राहिला. जुन्यांपैकी दोघांनी त्याला ओळखलं आणि खाली बघितलं.

दिपकचा फोन हातातच राहिला. "ताई, तो अपघात होता."

"पेटी सुटली तो अपघात," सुषमा म्हणाली. "ताडी कुठून आली?"

दिपकनं फोन खिशात टाकला.

"पेटी आधी उचललीत, माणूस नंतर. तेही अपघातानं?"

"मी घाबरलो होतो. पोलीस म्हटल्यावर..."

"तुम्ही एक दिवस घाबरलात. हा अडीच वर्षं मान खाली घालून बसलाय." तिनं गाड्यांच्या ओळीकडे पाहिलं. "दिपकभाईंच्या पेट्या मी पक्क्या बसवल्यात. त्या सुटणार नाहीत, तेवढा माझ्या हाताचा शब्द. आता ज्यांना यांच्या मागं चालायचंय त्यांनी चाला."

पहिल्यांदा योगितानं गाडी सुरू केली. ती दिपककडे न बघता हायवेला लागली. तिच्या मागून बाकीचे, कुणी "येतो" म्हणालं, कुणी तेही नाही. शेवटी शेडसमोर एकच गाडी राहिली, दोन्ही बाजूंना चांदीसारख्या नव्याकोऱ्या पेट्या लावलेली.

"तुम्हाला आणखी काय हवंय?" दिपकनं विचारलं.

"जबाब बदला. आणि आमच्या पाड्यावर या. माझ्या आयेसमोर सांगा."

तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण ग्रुपनं त्याच्याशिवाय लडाखची तारीख ठरवली, कागदाचा फोटो डहाणूभर फिरला, धाकट्या डहाणूच्या मासळी बाजारातसुद्धा कुणीतरी त्याला तारेचं विचारलं. पुढच्याच आठवड्यात तो आधी पोलिसांकडे जाऊन नवा जबाब देऊन आला, मग पाड्यावर. पेट्या नव्हत्या गाडीला. काढून ठेवल्या असाव्यात.

भिकी, सुषमाची आई, अंगणात नाचणी पाखडत होती. शेजारचे सात-आठ जण जमले. त्यात जिवलीचा एक मामाही होता, सुषमानं मुद्दाम बोलावलेला. दिपक उभ्या उभ्या बोलला. पेटी माझी होती. बोल्ट तुटलेला मला माहीत होता. तुमचा पोरगा प्यायलेला नव्हता. उन्हानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि ओठ सुकले होते.

सुषमा सवयीनं माठाकडे वळली. दारी आलेल्याला पाणी द्यायचं, मग तो कुणीही असो, हे पाड्यावर कुणाला शिकवावं लागत नाही.

"नको देऊ," भिकी म्हणाली. सूप तिनं थांबवलं नव्हतं.

तेवढंच. दिपकनं थोडा वेळ वाट पाहिली, मग गाडी वळवून तो उताराला लागला. जिवलीचा मामा मिथुनजवळ जाऊन बसला. जिवलीला आता वर्षाचं पोर होतं, त्यामुळे बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यानं मिथुनच्या खांद्यावर हात ठेवला आणि यंदा पेरणीला कुठलं भात टाकणार ते विचारलं. मिथुन सांगू लागला, नीट, वर बघून.

सूड घेतल्यावर मन रितं होतं, असं लोक म्हणतात. सुषमाचं झालं नाही. तिनं त्या दुपारी तीन भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली आणि शेडवर परत गेली. तिथं वलसाडचा एक रायडर कधीपासून ताटकळत बसला होता. त्याला प्लॅस्टिकची घ्यावी की पत्र्याची, ते ठरत नव्हतं.