हरळीवर फरशी घालायला निघालेले मामा

मित्रांनो, मी एक जुनी हरळी आहे, आणि आधीच सांगून टाकते: मी मेलेली नाही. हे सांगून सांगून माझी मुळं थकली.

घरामागच्या मोकळ्या जागेत मला ताईंनी लावलं. ताई नर्स होत्या. त्यांनी माझ्या कांड्या वीतवीतभर अंतरावर खोचल्या आणि एका उन्हाळ्यात मी सगळी जागा भरून टाकली. "गालिचाच जणू!" असं लोक म्हणत. मीही फुगून जाई.

मग ताई पडल्या. खुबा मोडला. त्यांच्या मदतीला धाकटे भाऊ राहायला आले. निवृत्त बसड्रायव्हर. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. माणूस सोन्यासारखा, पण भारी उतावळा! मी जरा वाढले म्हणून त्यांनी गवत कापायचं यंत्र अगदी खाली लावून मला एका दिवसात बोडकी केली. पुढे थंडी पडली आणि दरवर्षीसारखी मी पिवळी होऊन झोपले. झालं! मामांनी रोज नळी धरली, वर पोतंभर खत ओतलं. झोपलेल्याच्या तोंडात कुणी घास कोंबतं का? माझ्या अंगावर बुरशी चढली.

"ताई, गवत गेलं. फरशी घालून टाकतो. तुलाही चालायला बरं."

"अरे, फरशीवर पडले तर दुसरा खुबा जाईल! मला हिरवळीवर अनवाणी चालायचंय."

"कसली हिरवळ? पेंढा झालाय नुसता!"

दुसऱ्या दिवशी फरशीवाला पहार घेऊन हजर. पहिला घाव बसला, मी कळवळले. पण तो अचानक थांबला, उकिडवा बसला आणि त्याने मला ओढून पाहिलं. मी काही सुटले नाही. मग त्याने एक कांडी नखाने खरवडली.

"मामा, ही हरळी आहे. आत ओली आहे बघा. मेलेली कांडी कोरडी असते, कटकन तुटते. ही जमिनीवरून धावते, जमिनीखालूनही धावते. उद्या फरशीच्या सांध्यांतून वर येईल आणि तुम्ही शिव्या मला द्याल."

"मग करू काय?"

"काहीच करू नका."

इतकं अवघड काम मामांना जन्मात कुणी सांगितलं नव्हतं! तरी त्यांनी नळी गुंडाळून ठेवली. रोज सकाळी वाकून बघायचे आणि पुटपुटायचे, "अजून नाही."

ऊन तापलं तशी मी जागी झाले. एका दांडीच्या टोकावर चार-पाच बारीक बोटांसारखे तुरे उभे राहिले. त्या सकाळी ताईंनी काठी भिंतीला टेकवली आणि अनवाणी माझ्यावर उतरल्या. एक, दोन... सात पावलं. मामा हात पसरून मागे.

"ताई, सावकाश अगं!"

"तू आधी चपला काढ. गवत तुडवतोयस."

मामांनी चपला काढल्या, आणि डोळेही पुसले.

मित्रांनो, मला पाणी द्या, पण माती सुकल्यावर आणि खोलवर मुरेल असं. कापा, पण पात्याचा वरचा तिसरा हिस्साच. थंडीत मात्र कृपा करून हात आवरा. आणि कुणी पिवळं पडलं, गप्प झालं, तर उभ्या उभ्या निकाल देऊ नका. खाली बसा, जवळून बघा. एवढंसं तर काम आहे हो!