निळ्याच्या जागी हिरवा

इराणातल्या किरमानकडच्या त्या घरात गालिच्याच्या मागावर एकच कायदा होता, आणि तो सासूबाईंचा, माहलकाखानमचा होता: जिचा हात चुकेल तिनं उठायचं. त्याच कायद्यानं त्यांनी आपल्या धाकट्या जावेला, तूबाला, मागाच्या फळीवरून उठवलं होतं. का, तर गाठी सैल पडतात. तेव्हापासून तूबा शेजारी आपल्या घरात बसून लोकर कातायची, आणि तिच्या जिभेला हाड राहिलं नव्हतं.

आता फळीवर सासू डावीकडे, सून इस्मत उजवीकडे. नक्षी सगळी सासूबाईंच्या डोक्यात. त्या हाक द्यायच्या, "निळा तीन, लाल एक," आणि दोघी आपापल्या अर्ध्या भागात तेच बांधायच्या. एका बाजूला काही चुकलं की दुसरी बाजू लगेच चुगली करायची.

त्या दिवशी हाक आली निळ्याची, आणि सासूबाईंचा हात गेला हिरव्या गुंड्याकडे. इस्मत थांबली. सासूबाईंनी पंजानं, म्हणजे जड लोखंडी फणीनं, ओळ ठोकून घट्ट बसवली आणि पुढची हाक दिली. त्यांना दिसलंच नव्हतं.

खरं तर इस्मतच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्या होत्या. "तुझ्या आईनं तुला भाताची खरपुडी तरी नीट काढायला शिकवली का?" हे ऐकत तिचा संसार चालला होता. उट्टं काढायला आज एक वाक्य पुरलं असतं. पण मागावरून उठलेली माहलका दिवसभर करणार काय, हे तिच्या डोळ्यांसमोर येईना. तिला सासूची दया आली, आणि दया आली याचा रागही आला. तिनं हिरवा धागा ओढला आणि आपल्या बाजूलाही तोच बांधला. फूल पुरं होईपर्यंत असंच चाललं.

दुपारी तूबा कातलेली लोकर घेऊन आली. साखरेचा खडा दातांत धरून चहा प्यायली आणि मागाकडे बघत राहिली.

"माहलका, या पाकळ्या हिरव्या कधीपासून झाल्या गं? आपल्या नक्षीत त्या निळ्या असतात."

"माझी हौस," इस्मत घाईनं म्हणाली. सासूला ती नने म्हणायची. "ननेंना विचारूनच केलं."

"बरं आहे. मला सैल गाठींची माफी नव्हती, आणि सुनेची हौस चालते." पेला खाली ठेवून तूबा निघून गेली.

सासूबाई पाकळीवर इतक्या वाकल्या की नाक लोकरीला टेकलं.

"मी हाक निळ्याची दिली होती."

"हो, नने."

"आणि माझ्या बाजूलाही हिरवाच आहे."

माहलकाखानम गुडघ्यावर हात टेकून उठल्या. संपलं, असं इस्मतला वाटलं आणि तिला रडूच आलं. पण त्या दाराकडे गेल्या नाहीत. फळीवरच सरकून सुनेला खेटून बसल्या.

"हाक मीच देणार. तुझ्या डोक्यात ही नक्षी मावायची नाही. पण धागा तू हातात द्यायचा."

"देईन."

"आधी जा, तूबाला बोलावून आण."

"त्यांचा चहा तर आत्ताच झाला."

"चहाला नाही. मागावर."

"पण नने, त्यांच्या गाठी सैल पडतात."

"पडू देत. तू पंजा जोरात मार."