वाढत्या पायाचे

दुकानदाराने स्केटच्या टोकावर अंगठा दाबला, मान डोलावली आणि म्हणाला, "बसतंय की, ताई."

"वरून नका बघू. आत पाय कसा बसलाय ते सांगा," वनमाला म्हणाली.

"आत कसं बघणार? पोरीलाच इचारा."

पोरगी, म्हणजे स्वप्नाली, काचेच्या कपाटाला धरून घरून आणलेल्या चाकांच्या काळ्या बुटांवर उभी होती. उजवा पाय सरळ होता. डावा घोट्यातून आत कलला होता, आणि ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसलं असतं. दुकानदाराला दिसलं नाही. त्याचा सगळा जीव ट्रॉफ्यांत होता. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या क्रिकेट स्पर्धांसाठी केलेल्या सोनेरी ट्रॉफ्या भिंतभर मांडल्या होत्या, आणि कोणत्या ट्रॉफीवर कुणाचं नाव केवढ्या अक्षरात कोरायचं हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. बुटाच्या आत काय चाललंय हा त्याचा विषय नव्हता.

वनमालाने मुलीला स्टुलावर बसवलं आणि स्वतः खाली बसून नाड्या सोडायला घेतल्या. बीडमधलं हे तिसरं दुकान होतं.

स्वप्नाली नववीत होती आणि रोलर हॉकी खेळायची. हा कसला खेळ ते वनमालाला सासरी, तेलगावात, प्रत्येक लग्नकार्यात नव्याने सांगावं लागे. चाकांचे बूट घालून सिमेंटवर पळायचं आणि काठीनं गोल मारायचा, एवढं सांगून ती मोकळी होई. मुलीच्या शाळेसाठी ती बीडला खोली करून राहत होती. नवरा, हनुमान, गावी ऊस आणि राजकारण दोन्ही पिकवत होता. संध्याकाळी एका मंगल कार्यालयामागच्या फरशीवर अमरसिंह सर मुलांना शिकवत, आणि लग्नाची तिथी असली की खेळ बंद. असल्या जागेतून पोरगी दोनदा जिल्ह्याच्या संघात गेली. आता येत्या रविवारी राज्याच्या संघाची निवड होती आणि सहा महिन्यांपासून वळताना तिचा डावा पाय दगा देत होता. एक्स-रे काढून झाला, हाड शाबूत निघालं. शेवटी सर म्हणाले, स्केटचं फिटिंग एखाद्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. असा माणूस कुठं भेटतो हे मात्र सरांनाही सांगता आलं नाही.

बीडमध्ये ब्लाउजचं फिटिंग करणाऱ्या गल्लोगल्ली आहेत, ठिबकच्या नळ्यांचं फिटिंग करणारे बांधावर येऊन करून देतात. स्केटचं फिटिंग म्हटलं की लोक वनमालाकडे, बाई शुद्धीवर आहे ना, असं बघत. हनुमानने फोन केले. फोन करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. ज्याला केला तो म्हणाला, होऊन जाईल. जिल्हा संघात निवड झाली तेव्हा त्याने तेलगावच्या चौकात मुलीचा फ्लेक्स लावला होता. त्यात सोळा पुढाऱ्यांचे चेहरे होते आणि खालच्या कोपऱ्यात स्वप्नाली, तीही शाळेच्या गणवेशात. त्या फ्लेक्सपासून वनमालाच्या मनात नवऱ्याविषयी जी अढी बसली ती सुटली नाही. बापाला फोटोत रस, सरांना बक्षिसांत, दुकानदारांना ट्रॉफ्यांत. पोरीच्या पायाशी बसणारी आपण एकटीच, असं तिला वाटायचं.

आणि ती खरंच बसायची. स्केट आणले तेव्हा स्वप्नाली सहावीत होती. हनुमानचा पुण्यातला भाचा ते पाठवणार होता आणि त्याने पायाचा नंबर विचारला, तेव्हा वनमालानेच फोन हातात घेऊन सांगितलं होतं की दोन नंबर मोठे घे. त्यात तिचं काही जगावेगळं नव्हतं. तिच्या माहेरी, सासरी, आख्ख्या गावात मुलांचं सगळंच असं येई. गणवेश, स्वेटर, चपला, सगळं वाढत्या अंगाचं. बाह्या दुमडायच्या, कंबरेला टाका मारायचा, आणि बुटाच्या टोकाला कापूस भरायचा. कापूस घरच्या रानातला होता, तिने स्वतः सरकी काढून पिंजलेला. पाय आत हलतो असं स्वप्नाली म्हणाली की ती अजून एक बोळा टाकी आणि नाड्या आवळी. "येतील अंगाला," ती म्हणायची. "जरा धीर धर."

तिसऱ्या दुकानातून हात हलवत परतल्यावर त्या संध्याकाळी फरशीवर सत्यशीला भेटली. तिचा मुलगा सरांकडेच शिकायचा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नवलाने म्हणाली, "अगं, लिंबागणेशला हाय की एक जण. पुण्याला स्केटच्या दुकानात वीस वर्षं हेच काम करत होता. नुसती पोराची चाल बघून नंबर सांगायचा म्हणं. विरुपाक्षअप्पा. आता देवळापुढं नारळाचं दुकान टाकलंय त्यानं."

वनमालाला हसू आलं. लिंबागणेश तर तिच्या पायाखालचं होतं. स्वप्नाली खेळायला लागली तेव्हापासून एकही संकष्टी तिने चुकवली नव्हती, आणि गेले सहा महिने तर तिथे ती फक्त त्या डाव्या पायासाठी जात होती. देवानेच वाट दाखवली, असं तिने बोलूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी काळी-पिवळीने लिंबागणेशला उतरल्या. चतुर्थी नसल्यामुळे देवळापुढे सामसूम होती. नारळाची सात-आठ दुकानं, त्यातली निम्मी झाकलेली. अप्पांचं दुकान विचारल्यावर एका बाईने पायऱ्यांलगतचं बोट करून दाखवलं आणि वनमाला हरखली. ते तिचं नेहमीचंच दुकान होतं. तिथला माणूस नारळ निवडून देतो, नासका निघत नाही, म्हणून ती दुसरीकडे जातच नसे. साठीचा, कपाळाला विभूती, कमी बोलणारा. शेजारी त्याची बायको महादेवी दुर्वांच्या जुड्या बांधत बसलेली असे, तशी आजही बसली होती.

"तुमीच का ते अप्पा?" वनमाला म्हणाली. "अन् आमी सारं बीड पालथं घातलं."

तिने येण्याचं कारण सांगितलं. अप्पा उठले. हात धुतले, पंच्याला पुसले, दुकानापुढची जागा झाडून त्यावर पोतं अंथरलं आणि स्वप्नालीला अनवाणी उभं राहायला सांगितलं, त्यांच्याकडे पाठ करून. मग गुडघ्यावर बसून ते बराच वेळ तिच्या टाचांकडे बघत राहिले. चार पावलं चालायला लावलं. गुडघे वाकवायला लावले. वर्तमानपत्रावर पाय ठेवून पेन्सिलने कडा आखल्या. या माणसाला नारळाखेरीज काही येत असेल असं वनमालाला कधी वाटलं नव्हतं, आणि आता त्याची बोटं घोट्यावरून फिरताना बघून तिला भरून आलं. इतक्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदा पोरीच्या पायाला नीट हात लावत होतं.

मग त्यांनी पिशवीतून स्केट काढले. उजव्या बुटाच्या टोकावर कुंकवाच्या स्वस्तिकाची पुसट लाल खूण होती. अप्पांचा हात तिथे थांबला. त्यांनी मान वर करून एकदा वनमालाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. आतला तळवा त्यांनी ओढून काढला. त्याच्या टोकाखाली कापसाची काळपट, दबून पापडासारखी झालेली वडी निघाली.

"हे कवापासून?"

"सहावीपासून," स्वप्नाली म्हणाली. "आता न्हाई टाकत. आता जागाच न्हाई."

अप्पांनी वडी बाजूला ठेवली. तिला स्केट घालून टाच मागे आपटायला सांगितलं, नाड्या स्वतः बांधल्या, मधे घट्ट आणि वर जरा सैल. टाचेमागे बोट घालून पाहिलं, ते गेलं नाही. बोटं पुढे नुसती टेकतात का, गुडघे वाकवल्यावर मागे सरतात का, हे त्यांनी तीन-तीनदा विचारलं. सगळं पाहून ते मांडी घालून बसले.

"बूट एकदम बरोबर हायेत," ते म्हणाले. "म्या दिला असता तरी हाच नंबर दिला असता."

वनमालाच्या मनावरचं ओझं उतरलं. क्षणभर तर तिला जिंकल्यासारखंच वाटलं. आपण म्हणतच होतो की येतील अंगाला, असं ती स्वप्नालीला सांगू लागली. पोरगी आईकडे बघत नव्हती. ती अप्पांच्या तोंडाकडे बघत होती.

"आज बरोबर हायेत," अप्पा म्हणाले. "अगुदर नव्हते. हा बूट दोन नंबर मोठा घ्यायचा नसतो, ताई. उलट चपलीपेक्षा एक कमीच लागतो. पाय आत खेळत राह्यला, मग सगळा भार घोट्यानं धरला. धरून धरून शिरा सैल पडल्या. आता बुटात दुरुस्त करण्यासारखं काई न्हाई."

"अन् पाय?"

"ते हाडाच्या डॉक्टरला दाखवा, शिरांचं बघणाऱ्या. एक्स-रेत न्हाई दिसत ते. सा-आठ महिने तर सक्त आराम लागंल. पुढचं म्या कसं सांगू."

"रविवारी निवड हाय, अप्पा," वनमाला म्हणाली. हे ती अशा आवाजात म्हणाली की जणू निवड पुढे ढकलणं त्यांच्या हातात होतं.

अप्पा स्वप्नालीशी बोलले. "पट्टी बांधून देतो म्हणलं तर देईन. उभी राहशील. दोन-चार वळणं घेशील बी. पण येखाद्या वळणाला घोटा गेला तर मग चालायचं बी अवघड व्हईल. तुला काय वाटतं?"

स्वप्नालीने खाली वाकून स्वतःच नाड्या सोडल्या. एक बूट काढला, मग दुसरा. दोन्ही पोत्यावर शेजारी-शेजारी नीट ठेवले.

"न्हाई जात मी," ती म्हणाली. मग, कुणालाच उद्देशून नाही अशा सुरात, "तवाच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

महादेवीने दुर्वांची जुडी खाली ठेवली. "सांगितलं होतं की ह्यांनी," ती म्हणाली.

"जाऊ दे," अप्पा म्हणाले.

"कावून जाऊ दे? नवे बूट देवाच्या पायावर घालायला आणले होते. तवाच म्हणाले होते हे."

"कुणाला?" स्वप्नालीने विचारलं.

वनमाला त्या पुसट कुंकवाकडे बघत होती. ती संकष्टीची गर्दी, हातातलं ताट, ताटात कोरे करकरीत स्केट, आणि चपला सांभाळत मागे उभी असलेली लहानगी स्वप्नाली. नारळ देता देता हा माणूस खालच्या आवाजात म्हणाला होता, ताई, पोरीच्या पायाला हे लई मोठे हायेत, बदलून घ्या. नारळवाल्याने चारचौघांत शहाणपण शिकवावं याचा तिला राग आला होता. मागे रांग खोळंबली होती. तुमी नारळ द्या, असं ती म्हणाली होती. त्याने मुकाट्याने दोन नारळ वाजवून बघितले आणि त्यातला चांगला तिच्या ताटात ठेवला होता. नंतरच्या प्रत्येक संकष्टीला तसाच ठेवला होता. ती तो घेऊन पायऱ्या चढत होती आणि वर जाऊन पोरीच्या पायासाठी हात जोडत होती.

काहीतरी बोलायला हवं होतं. चुकलं म्हणायला हवं होतं, अप्पांना आणि त्याहून आधी पोरीला. वनमालाने पदर सावरला, घसा साफ केला.

"अप्पा," ती म्हणाली, "नारळ द्या एक."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी ढिगातून एक नारळ उचलला, कानाशी धरून हलवला आणि परत ठेवला. दुसरा घेतला, बोटाने वाजवला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

वनमाला तो घेऊन देवळाकडे वळली. तीन पायऱ्या चढेपर्यंत तिला वाटत होतं, मागून पोरीची नेहमीची पावलं येतील. चौथ्या पायरीवर ती थांबली. पण मागे वळून बघायचं धाडस तिला झालं नाही.