त्या बुधवारी मी वाचनालयात होते

मंगळवार. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. तिसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताचं घर. न्हाणीघराचं दार आतून बंद. आत गॅसचा गीझर चालू, नळ वाहतोय आणि हाकांना उत्तर नाही.

मी शिडी बोलतेय. लाकडाची, घडीची, नऊ पायऱ्यांची. त्या वेळी मी गॅलरीत, न्हाणीघराच्या खिडकीखाली उभी होते. माझ्या सहाव्या पायरीवर खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका होते आणि हातातल्या इस्त्रीने काच फोडत होते. धावत येताना ती खाली ठेवायची त्यांना शुद्ध राहिली नव्हती. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. ऐकीव गोष्टी सांगायला माझ्याहून हुशार माणसं मी असते त्या कार्यालयात आहेत.

काच फुटली, शेजाऱ्यांनी दार तोडलं. फरशीवर सिस्टर पडली होती. सरकारी दवाखान्यात नर्स आहे ती, रात्रपाळी करून आली होती. डॉक्टर म्हणाले, "आणखी दहा मिनिटं, आणि मला बोलावून उपयोग नव्हता."

सिस्टरला खाली नेल्यावर शिंपीकाका माझ्या नवव्या पायरीपर्यंत चढले. गीझरचा विषारी वायू बाहेर टाकणारी नळी तिथे भिंतीतून बाहेर येते. त्यांनी तिच्यात हात घातला आणि कबुतराचं घरटं बाहेर काढलं. काटक्या, तारा, पिसं, थरावर थर. आठ दिवसांचं काम नव्हे ते, दोन विणींचं होतं. काकांनी ते एका कापडी पिशवीत भरलं आणि शिलाई मशीनच्या वर, खुंटीला टांगून ठेवलं. शिंपी माणूस, चिंधीसुद्धा फेकत नाही.

आता मुळापासून सांगते.

मला दादांनी करवून घेतलं. घरं भाड्याने मिळवून देण्याचं कार्यालय त्यांनी ज्या आठवड्यात उघडलं, त्याच आठवड्यात. सुताराने विचारलं, "खुर्च्या सोडून शिडी कशाला आधी?" दादा म्हणाले, "मला दलाल म्हणा, लाज नाही. पण दलालाने छत बघितलेलं असावं."

त्यांची रीत पक्की होती. दर सहा महिन्यांनी प्रत्येक भाड्याच्या घराची पाहणी. ते पुढे, मी त्यांच्या खांद्यावर. पाण्याची टाकी, गच्चीखालची ओल, विजेच्या तारा, गीझरची नळी, सगळं वर चढून बघायचं आणि मग कागद भरायचा. कागदात एक ओळ त्यांनी मुद्दाम छापून घेतली होती, "शिडी लावून पाहिलं: होय / नाही". कधी कंटाळा आला, पाय दुखले, तर ते सरळ "नाही" लिहीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. "चढायचं नसेल तर लिहायचं नाही," एवढंच त्यांचं शास्त्र.

शनिवारी सकाळी दोन तास फुकट सल्ला. घर शोधणारे, घर सोडणारे, घरमालकाशी भांडून आलेले, सगळ्यांची रांग लागे. दादा बोटांवर मोजत सांगत. सगळे नळ एकदम सोडून बघा. नवा रंग एकाच कोपऱ्याला असेल तर का ते विचारा. दुपारी आवडलेलं घर एकदा सकाळीही बघा. वाचल्याशिवाय सही नको, आणि वाचून कळलं नाही तर मुळीच नको. एकदा एक नवरदेव सही करायला निघाला, तेव्हा त्याची होणारी बायको म्हणाली, "थांब, नळ बघून येते." दादा खूश. म्हणाले, "संसार टिकणार."

उरलेल्या वेळी मी सगळ्या गल्लीची. ज्याला हवी त्याने न्यावी, फक्त माझ्या बाजूला दोरीने बांधलेल्या वहीत लिहावं. कधी नेली, कुठे नेली, कधी परत आणली. वही सांभाळायच्या ताई. कार्यालयातल्या सर्वांत जुन्या, चष्मा नाकाच्या टोकावर, राग नाकाच्या शेंड्यावर. शाळेच्या घंटेला तेल घालायला मी गेले, दुकानांच्या पाट्या लावायला गेले, झाडावर अडकलेली मांजरं उतरवायलाही गेले. एकाने मला चार दिवस कपडे वाळत घालायला वापरलं आणि परत देताना म्हणाला, "बल्ब बदलायला फार वेळ लागला हो." ताईंनी वहीत लिहिलं, "बल्ब एक, दिवस चार, चिमटे दोन विसरले."

मग माझी पाचवी पायरी मोडली. दादांच्याच पायाखाली. मला सुताराने नवी पायरी बसवली, रंगाने जरा वेगळी. दादांना नवा गुडघा कुणी बसवला नाही. ते घरी बसले आणि कार्यालय पुतण्याकडे गेलं.

या धाकट्या साहेबांना वाईट माणूस म्हणता येणार नाही. बोलायला गोड, कपडे झकपक. त्यांनी कागद काढून टाकले आणि हातात धरायची काचेची पाटी आणली. तिच्यावर बोट ठेवलं की पाहणी पूर्ण. मागच्या वेळची सगळी उत्तरं नव्या तारखेने पुन्हा उमटतात आणि वेळ आपोआप पडते. बटणाचं नावच "मागीलप्रमाणे". म्हणजे दादा दोन वर्षांपूर्वी चढले, त्या चढण्यावर हे अजून "होय, होय" करत होते. उंटावरून शेळ्या हाकायला निदान उंट तरी लागतो. यांना खुर्ची पुरली.

शनिवारचा सल्ला मात्र त्यांनी बंद केला नाही. दाराबाहेरच्या पाटीवर ती ओळ शोभून दिसत होती. बसायचं काम ताईंच्या गळ्यात.

आणि परिसरासाठी काहीतरी करायचं म्हणून वाचनालय रंगवून द्यायचं ठरलं. काम चांगलं होतं, मी नावं ठेवणार नाही. सोमवारी सकाळी मी गेले, गुरुवारी संध्याकाळी परत आले. वहीत तसं आहे, ग्रंथपालांच्या सहीने. बुधवारी धाकटे साहेब फोटोसाठी आले. माझ्या तिसऱ्या पायरीवर चढले, हातात ब्रश, चेहऱ्यावर हसू. ब्रश कोरडा होता. माझ्यावर एक थेंब पडला नाही. मागे भिंतीवर वाचनालयाचं घड्याळ, त्यात अकरा पस्तीस. तो फोटो मोठा करून कार्यालयाच्या काचेत लावला गेला. खाली अक्षरं, "आम्ही आपल्या परिसरासोबत".

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो मंगळवार आला.

सिस्टर नऊ दिवस दवाखान्यात होती, ज्या खाटांवर ती इतरांना झोपवते त्यातल्याच एकीवर. घरी आली तर दाराखाली कार्यालयाचं पत्र. भाडेकरूने न्हाणीघराची खिडकी बंद ठेवली, हा निष्काळजीपणा. इमारतीतल्या इतरांच्या जिवाला धोका. महिनाअखेर घर सोडावं, आणि हे सर्व मान्य असल्याची सही खाली करावी. सहीसाठी जागा आखून दिली होती, एवढी काळजी घेतली होती.

त्या पत्राने घर तर जाणार होतंच, पण सिस्टरला सलत होतं दुसरंच. नर्सने स्वतःच्या निष्काळजीपणावर सही करायची. तो कागद दवाखान्यात पोहोचला असता तर तिच्या हातात पुन्हा कुणाचा जीव कोण देणार होतं?

शनिवारी सकाळी सिस्टर आली. रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर ताईंसमोर बसली. मी मागच्या भिंतीला टेकून होते.

"सल्ला हवाय," ती म्हणाली. "फुकट आहे ना?"

"पाटीवर तसं लिहिलंय," ताई म्हणाल्या.

"तुमच्याच ऑफिसने घर सोडायला सांगितलं तर काय करायचं?"

रांगेत मागे कुणीतरी खुदकन हसलं. ताईंनी पत्र घेतलं, दोनदा वाचलं. मग चष्मा वर सरकवला. हे त्या क्वचितच करतात.

"पहिलं, सही करायची नाही. दुसरं, पाहणीचा कागद मागायचा, भाडेकरूचा हक्क आहे तो. मागा."

"मागते."

"थांबा, देते." ताई उठल्या आणि स्वतःच कागद छापून घेऊन आल्या. घराचा क्रमांक, बुधवारची तारीख, वेळ अकरा पस्तीस. गीझरची नळी, स्वच्छ. शिडी लावून पाहिलं, होय. खाली धाकट्या साहेबांची सही.

सिस्टर कागदाकडे बघत राहिली. "त्या बुधवारी माझी सुट्टी होती, ताई. दिवसभर घरी होते मी. कुणी आलं नव्हतं."

"तुमचं तोंडी झालं," ताई म्हणाल्या. "लेखी मी दाखवते." त्या माझ्याकडे आल्या, दोरीची गाठ सोडली आणि वही टेबलावर उघडली. मग काचेतल्या फोटोकडे बोट केलं. रांगेतली सगळी माणसं वळली. शिंपीकाका रांगेत नव्हतेच, ते नुसते पिशवी घेऊन आले होते. त्यांनी घरटं वहीशेजारी ठेवलं.

तेवढ्यात धाकटे साहेब आत आले.

"ताई, हे काय चाललंय?"

"सल्ला."

"पगार कुणाचा घेता तुम्ही?"

"ऑफिसचा. म्हणून ऑफिसचाच सल्ला देतेय. दादा हाच देत होते."

साहेबांनी फोटो बघितला, वही बघितली, घरटं बघायचं टाळलं. "जगात काय एकच शिडी आहे? दुसरी लावली असेल कुणीतरी."

"कुणाची?" शिंपीकाका म्हणाले. "गल्लीत आहे ती हीच. बाकी सगळे स्टुलावर स्टूल ठेवून पडतात."

"आणि कुणीतरी म्हणजे कोण? सही तर तुमची आहे," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. सुई टोचण्यापूर्वी नर्स बोलतात ना, तसा होता. "घड्याळात अकरा पस्तीसला तुम्ही वाचनालयात आहात. कागदात अकरा पस्तीसला माझ्या गॅलरीत. मला फक्त सांगा, माझ्याकडे कोण आलं होतं?"

"बघून सांगतो," साहेब म्हणाले.

त्याच संध्याकाळी मला मोडीत काढायचं फर्मान निघालं. जुनी झाली, धोकादायक झाली, पायरीचा रंगही जुळत नाही. ताई म्हणाल्या, "काढा की. फक्त वहीत लिहा, कोण नेतंय आणि का." कुणी लिहायला तयार होईना. मी राहिले.

ताई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी त्या बुधवारच्या सगळ्या पाहण्या छापून काढल्या. दहा ते साडेबारा या अडीच तासांत अकरा घरं, अकरा कागद. रविवारी सकाळी त्यांनी मला बाहेर काढलं. एक टोक शिंपीकाकांच्या खांद्यावर, दुसरं सिस्टरच्या. डॉक्टरांनी तिला वजन उचलू नको म्हणून सांगितलं होतं. ती म्हणाली, "मी लोकांना हेच सांगते, कुणी ऐकत नाही." दादा काठी टेकत कोपऱ्यापर्यंत आले. माझ्या पाचव्या पायरीवर हात दाबून बघितला, भक्कम आहे ना म्हणून, आणि परत गेले.

उरलेल्या दहाही घरी आम्ही गेलो. प्रत्येक दारात ताईंचा एकच प्रश्न, "त्या बुधवारी पाहणीला कुणी आलं होतं का?" एक आजी म्हणाल्या, "शिडी? अगं, मला कुणी साधं पाणीसुद्धा मागायला आलं नाही." दहांपैकी चार घरांत गॅसचे गीझर. चढली सिस्टर, दर वेळी. चौथ्या घरात नळी निम्मी बुजलेली निघाली. खाली गॅलरीच्या दारात एक बाई तान्ह्या मुलीला टॉवेलात गुंडाळून उभी होती. तिला काही सांगावं लागलं नाही. घरटं तिच्या पायाशी पडलं, तिने ते बघितलं आणि मुलीला घट्ट धरलं.

सोमवारी सिस्टरला नवं पत्र आलं, "मागील पत्र रद्द समजावे". कारण नाही, माफी नाही. ती त्याच घरात राहते. गीझर विजेचा बसला आहे. मी रोज सकाळी कार्यालयाच्या बाहेर, पाटीशेजारी उभी असते, ताईच आणून ठेवतात. माझे पाय झिजलेत, बिजागरी कुरकुरते, पण उभी राहायची मी थांबणार नाही. तुमच्या घराची पाहणी झाली असं कुणी सांगितलं तर त्याला चहापाणी मागाहून विचारा. आधी विचारा, शिडी कुठे आहे?

काचेतला फोटो उतरवला गेला आहे. त्याच्या जागी चार कोपऱ्यांत चिकटपट्टीचे डाग आहेत. पाहण्यांचे कागद मात्र आहेत तसे आहेत. ताईंनी त्यांची प्रत दादांना दिली, घरमालकांना दिली, नगरपालिकेत पोच घेऊन दिली. त्या गोष्टीला आज सात आठवडे झाले, उत्तर कुठूनच आलेलं नाही.

अकरा घरं. अकरा वेळा "शिडी लावून पाहिलं: होय". अकरा ठिकाणी एकच सही. आणि त्या बुधवारी, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, मी वाचनालयात होते.